पट्टी बांधल्यानंतरचे दिवस

अभ्यासासाठी शास्त्रभाग : लूक 10:30-35, यशया 1:6



या अंकातील पाठ नेहमीपेक्षा थोडा निराळा आहे. धडगाव तालुक्यातील पाड्यांवर बायकांच्या आणि तरुणांच्या सभांमध्ये आम्ही जखमांविषयी जे शिकवतो, तेच येथे लिहून काढले आहे. शहरातील मंडळ्यांनाही ते उपयोगी पडेल, कारण सुरी, इस्त्री, कुत्रा आणि खिळा हे शहरातही आहेत. पण लिहिण्याचे खरे कारण गेल्या वर्षी आमच्या हातून झालेली एक चूक हे आहे. ती आधी सांगते.

कार्तिकात ज्वारीची कापणी चालू होती. एका पाड्यावरील भावाच्या डाव्या नडगीवर विळा बसला. जखम चार बोटे लांब आणि आतले पांढरे दिसेल इतकी खोल होती. त्याच्या पत्नीने लुगड्याचा पदर दाबून धरला, आम्ही त्या दिवशी जवळच होतो, निरोप येताच पोहोचलो. जखम धुतली, झोळी करून रस्त्यापर्यंत आणले, तेथून जीपने प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. टाके पडले, धनुर्वाताचे इंजेक्शन झाले, पांढरीशुभ्र पट्टी बांधून माणूस संध्याकाळी घरी आला. आम्ही प्रार्थना करून, प्रभूचे आभार मानून परतलो. त्या महिन्याच्या अहवालातही ही गोष्ट आम्ही मोठ्या आनंदाने लिहिली.

तिसऱ्या दिवशी तो टोळीबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेला. मुकादमाकडून उचल घेतलेली होती, थांबणे शक्य नव्हते. दहाव्या दिवशी त्याच्या पत्नीचा फोन आला. पट्टी तीच होती. पहाटेच्या दवाने रोज ओली होत होती, दिवसभर उसाच्या पाचटात धुळीने भरत होती आणि रात्री अंगावरच वाळत होती. "ताई, डॉक्टरांनी बांधली, आपण कशी सोडायची?" असे ती मला म्हणाली. जांघेत अवधाण आले होते, अंगात ताप होता, पट्टीला वास सुटला होता. त्याला तेथील दवाखान्यात दाखल करावे लागले, मेलेले मांस काढावे लागले. प्रभूच्या दयेने पाय वाचला. पण अकरा दिवसांची मजुरी गेली आणि उचल अंगावर राहिली.

यात त्याची चूक शोधू नये, त्याच्या पत्नीची तर नाहीच. पट्टी सोडायची असते, कधी सोडायची, सोडल्यावर काय पाहायचे, हे त्या दोघांना कोणी सांगितलेच नव्हते. ते सांगायला पाच मिनिटे लागली असती. आम्ही त्या पाच मिनिटांत फोटो काढला होता.

शोमरोनी माणसाने काय काय केले

चांगल्या शोमरोन्याचा दाखला चारही शुभवर्तमानांपैकी फक्त लूकमध्ये आहे, आणि लूकला पौल कलस्सैकरांस लिहिताना प्रिय वैद्य म्हणतो. दाखला प्रभूचा आहे, पण तो टिपून ठेवणाऱ्याची नजर वैद्याची आहे असे मला नेहमी वाटते. आपण उपदेशात बहुतेक वेळा तेल, द्राक्षारस आणि पट्टी येथपर्यंत येऊन थांबतो. याजक गेला, लेवी गेला, शोमरोनी थांबला, आपणही थांबावे. एवढे सांगून गीत घेतो.

पुढचे वचन वाचा. तो त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि रात्रभर सांभाळतो. दुसऱ्या दिवशी त्याला पुढे जायचेच आहे, त्याचाही कामधंदा आहे. तेव्हा तो रखवालदाराच्या हातावर दोन दिनार ठेवतो, याची काळजी घे असे सांगतो आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणतो. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्यातील मजुराचा दिवसाचा रोज एक दिनार ठरलेला आहे. म्हणजे दोन दिवसांची मजुरी त्याने पट्टीनंतरच्या दिवसांसाठी बाजूला काढली. जो स्वतः रोज थांबू शकत नाही त्याने दुसऱ्याला नेमावे, खर्चाची सोय करावी आणि पुन्हा येऊन पाहावे, हा क्रम त्यात आहे. आमच्याकडून यातले काहीच झाले नव्हते. नेमके काय राहिले ते त्या वचनात इतके स्पष्ट लिहिलेले होते की ते पुन्हा वाचताना मला लाज वाटली.

यशयाच्या पहिल्या अध्यायात संदेष्टा यहूदाच्या पापाचे वर्णन जखमांनी भरलेल्या शरीरासारखे करतो. त्या जखमा पिळून साफ केलेल्या नाहीत, बांधलेल्या नाहीत, तेलाने मऊ केलेल्या नाहीत, अशी त्याची तक्रार आहे. साफ करणे, बांधणे, मऊ ठेवणे : पाड्यावर शिकवताना आम्ही हाच क्रम धरतो, फक्त त्याच्या आधी रक्त थांबवणे जोडतो.

रक्त आणि पाणी

रक्त थांबवायला दाब लागतो. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबा आणि पूर्ण दहा मिनिटे हात उचलू नका. थांबले का म्हणून दर मिनिटाला उचलून पाहिले की नुकती धरलेली गाठ सुटते आणि रक्त पुन्हा सुरू होते. पाड्यावर घड्याळ नसते, म्हणून आम्ही बायकांना सांगतो की ओळखीचे एक भजन तीनदा सावकाश म्हणा, तोवर दाब सोडू नका. भजनाने जखमी माणसाचा आणि दाबणाऱ्याचाही जीव थाऱ्यावर राहतो. कापड भिजले तर ते काढू नका, त्याच्यावर दुसरे ठेवा. हात किंवा पाय उंच धरा. बांबूची मोठी चोय, लोखंड किंवा काच आत रुतून बसली असेल तर ती उपटू नका, भोवतीने कापड लावून तसेच दवाखान्यात न्या. रक्त उसळी मारत असेल तर दाबून ठेवूनच 108 ला फोन करायला दुसऱ्या कोणाला सांगावे.

रक्त थांबले की पाणी. सगळ्या पाठात मी सर्वांत जास्त वेळ येथे घेते, कारण जखम चिघळते ती बहुधा आत राहिलेल्या मातीमुळे. आपण ज्या पाण्याला प्यायला योग्य समजतो तेच जखम धुवायला पुरते. शंका असेल तर उकळून गार करावे. आधी स्वतःचे हात साबणाने धुवावेत. मग पाणी धारेने सोडावे, थेंब थेंब नको आणि भांड्यात पाय बुडवूनही नको. प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला दाभणाने भोक पाडले आणि बाटली दाबली की चांगली जोराची धार येते. मातीचा कण दिसेनासा होईपर्यंत, निदान पाच मिनिटे, एखादी भरलेली बाटली दोन वेळा संपेपर्यंत धुवावे. भोवतालच्या कातडीला साबण लावावा.

येथे शहरातल्या वाचकांसाठी एक शब्द. जखमेत स्पिरिट किंवा डेटॉल तसेच न मिसळता ओतले की झोंबते, आणि झोंबले म्हणजे औषध लागले असा आपला समज असतो. त्याने जंतूंबरोबर जखम भरून काढणाऱ्या ताज्या पेशीही मरतात. एकदा स्वच्छ धुतलेल्या जखमेला ते रोज ओतण्याची गरज नाही. माझ्या वडिलांनी मला लहानपणी गुडघे फुटले की स्पिरिटने रडवले आहे. त्यांच्या प्रेमाविषयी मला शंका नाही, पण पाण्याने काम झाले असते.

पाड्यावरचा वाद वेगळा असतो. जखमेवर हळद, चुना, तंबाखू, चहापत्ती, चुलीतली राख, कंबरमोडीच्या पाल्याचा रस, काटा रुतला तर रुईचा चीक, असे बरेच काही लावतात. सुरुवातीला मी हे सगळे अडाणीपण म्हणून झटकून टाकत असे. मग एका म्हाताऱ्या आजीने सभेतच विचारले, "तुझी जीप येण्याआधी आमच्या बापाने काय लावायचे होते?" मला उत्तर देता आले नाही. कंबरमोडीच्या पाल्याने रक्त थांबते हा त्यांचा पिढ्यांचा अनुभव आहे, आणि रानात दुसरे काही नसताना माणूस हाताशी असलेले वापरणारच. आता मी एवढेच म्हणते : पाला, राख आणि स्वयंपाकघरातली हळद यांच्याबरोबर माती आणि जंतू आत जातात, शिवाय हळदीच्या पिवळ्या रंगाखाली जखम लाल झाली की पू झाला हे दिसत नाही. दाबून रक्त थांबते, मग आत काही भरायचे कशाला? शेण आणि राख यांविषयी मात्र मी तडजोड करत नाही. रुईच्या चिकाविषयीही नाही, तो हातावरून डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा करतो. काटा सुईने काढायचा तर सुई उकळून घ्यावी, काढल्यावर जागा साबणाने धुवावी आणि पुढचे दोन-तीन दिवस तेथे ठणका सुरू होतो का ते पाहावे.

टाके कधी लागतात हे घरी ओळखता येते. जखमेच्या कडा आपोआप मिटत नाहीत, आतली चरबी किंवा हाड दिसते, जखम सांध्यावर, तळहातावर किंवा चेहऱ्यावर आहे, किंवा पुढचे बोट हलत नाही, बधिर वाटते, अशा वेळी धुऊन, बांधून लगेच निघावे. सहा ते आठ तासांत पोहोचलेले बरे. पण उशीर झाला म्हणून जाणे सोडू नये. फार मळलेली किंवा शिळी जखम डॉक्टर मुद्दाम न शिवता उघडी ठेवतात. तेव्हा आपल्याकडे दुर्लक्ष झाले असे लोकांना वाटते, पण आत घाण कोंडून वरून शिवले तर त्रास वाढतो.

बांधणे आणि मऊ ठेवणे

जखम उघडी ठेवली की वारा लागून लवकर वाळते, हे तर माझ्या सासरीही सगळे म्हणतात. 1962 साली जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकाने डुकरांच्या कातडीवरील जखमांचा अभ्यास करून दाखवले की ओलसर झाकून ठेवलेली जखम उघडी वाळू दिलेल्या जखमेपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने नव्या कातडीने भरते. कडक खपलीखालून नव्या कातडीला वाट काढावी लागते, ओलसर जागेवर ती सहज पसरते. यशयाने तेलाने मऊ करण्याची गोष्ट लिहिली ती या शोधाच्या कितीतरी शतके आधीची आहे. मात्र याचा अर्थ बाटलीतले खोबरेल जखमेत ओतावे असा नाही. साध्या खरचटण्यावर किंवा लहान जखमेवर धुतल्यानंतर व्हॅसलिनचा पातळ थर, त्यावर स्वच्छ कापड आणि वरून सैलसर पट्टी पुरते. बोटे निळी पडली, गार लागली किंवा मुंग्या आल्या तर पट्टी फार घट्ट आहे.

कापड कोणते, हा प्रश्न पाड्यावर फार महत्त्वाचा आहे, कारण औषधाच्या दुकानातील गॉज तेथे मिळत नाही. जुने सुती धोतर किंवा लुगडे चांगले. त्याचे हातरुमालाएवढे तुकडे करून पाण्यात चांगले उकळावेत, कडक उन्हात वाळवावेत आणि धुतलेल्या हातांनी घडी करून नव्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावेत. अंगावर वापरत असलेल्या कापडाचा तुकडा फाडून जखमेला लावू नये. त्या भावाच्या पत्नीने रक्त थांबवायला पदर लावला ते योग्यच केले, तेव्हा दुसरे काही नव्हते. पण नऊ दिवस चालवायला तसे कापड चालत नाही.

आता त्या पाच मिनिटांविषयी. टाके नसलेल्या जखमेची पट्टी दिवसातून एकदा सोडावी. ओली झाली, मळली किंवा घसरली तर लगेच सोडावी. टाके घातलेल्या जखमेविषयी पहिली पट्टी कधी सोडायची ते डॉक्टरांना विचारूनच दवाखान्यातून निघावे, पण ती भिजली तर कोणत्याही दिवशी बदलायचीच. कापड चिकटले असेल तर ओढू नये, स्वच्छ पाण्याने भिजवावे, आपोआप सुटते. ओढल्याने नवी कातडी कापडाबरोबर निघते आणि जखम पहिल्या दिवसावर जाते. सोडल्यावर आधी पाहावे, मग वास घ्यावा. वास घ्यायला बायका लाजतात. मी सांगते, दूध नासले का ते आपण वासानेच ओळखतो.

पहिले दोन दिवस थोडी सूज, कडेला थोडी लाली आणि पाण्यासारखी पिवळट लस येणे चालते. तिसऱ्या दिवसापासून हे सर्व कमी व्हायला हवे. ते वाढले तर जखम बिघडते आहे. दुखणे कमी होऊन पुन्हा वाढले, ठणका लागून झोप येईना, लाली कडेच्या बाहेर पसरू लागली, जागा गरम झाली, घट्ट पू आला, वास सुटला, जांघेत किंवा काखेत अवधाण आले, जखमेपासून वर लाल रेघ दिसू लागली किंवा थंडी वाजून ताप आला, यातले एकही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना. बाजाराच्या दिवसापर्यंत थांबू नये. लाली पसरते का हे कळायला तिच्या कडेने पेनाने रेघ ओढून ठेवण्याची युक्ती फार उपयोगी पडते. सकाळी ओढलेल्या रेघेबाहेर संध्याकाळी लाली गेली असेल तर वाद संपला.

टाके चेहऱ्यावरचे साधारण पाच दिवसांनी, हातावरचे सात ते दहा दिवसांनी, पायावरचे आणि सांध्यावरचे दहा ते चौदा दिवसांनी काढतात. टोळीबरोबर दूर गेलेल्या माणसाला ते जवळच्या कोणत्याही सरकारी दवाखान्यात काढून घेता येतात, टाके घालणाऱ्याकडेच परत यावे लागत नाही. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्याने टाके तसेच ठेवून पिकलेले मी पाहिले आहेत.

खाण्याविषयी दोन वाक्ये. डाळ, अंडी, भात खाल्ल्याने पू होतो म्हणून जखमी माणसाला नुसत्या कोरड्या भाकरीवर ठेवतात. नवे मांस तयार व्हायला उलट डाळ, अंडी, मासे यांचीच गरज असते, आणि तंबाखू व बिडीने जखम भरायला वेळ लागतो.

धनुर्वाताचे इंजेक्शन झाले म्हणजे आता पू होणार नाही, असा फार मोठा गैरसमज आहे. त्या भावाच्या घरीही तोच होता. ते इंजेक्शन फक्त धनुर्वातापासून वाचवते. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात सुप्त राहतात, खोल आणि बंद जखमेत वाढतात, आणि लक्षणे साधारण तीन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत केव्हाही दिसतात. पहिले लक्षण बहुधा जबडा न उघडणे हे असते. मळलेल्या जखमेसाठी शेवटच्या लसीला पाच वर्षे होऊन गेली असतील आणि स्वच्छ जखमेसाठी दहा, तर लस पुन्हा घ्यावी. पूर्वी टीटी म्हणत, आता टीडी देतात. ज्याला लहानपणापासून एकही लस मिळालेली नाही, त्याने ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्याला आणखी एक निराळे इंजेक्शन लागू शकते आणि लसीचे पुढचे डोसही पुरे करावे लागतात. नाळेवर शेण आणि राख लावल्याने पूर्वी कितीतरी बाळे दगावत. गरोदर बायकांना लस आणि दवाखान्यात बाळंतपण, यांमुळे 2015 साली भारत माता व नवजात बालकांच्या धनुर्वातातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. शेणाविषयी मी तडजोड का करत नाही ते यावरून ध्यानात येईल.

भाजणे आणि चावणे

मोहाची फुले वेचण्याच्या दिवसांत झाडाखालचा पाला जाळतात, थंडीत शेकोटीशी मुले झोपतात, त्यामुळे भाजल्याच्या जखमा आमच्याकडे पुष्कळ. भाजलेल्या जागेवर लगेच साधे गार पाणी वीस मिनिटे सोडत राहावे. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, फोड फोडू नये. सूज येण्याआधी बांगड्या, कडी, अंगठ्या काढाव्यात. लहान मूल असेल तर बाकीचे अंग पांघरुणाने उबदार ठेवावे. जखमी माणसाच्या तळहातापेक्षा मोठे भाजले असेल, किंवा चेहरा, हात, पाय, गुप्तांग, सांधे भाजले असतील, तर धुतलेल्या कापडाने झाकून दवाखान्यात न्यावे.

कुत्रा चावला, नुसता ओरखडा उठला तरी, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावे. मिरची आणि चुना लावू नये. त्याच दिवशी लस सुरू करावी. रक्त निघाले असेल तर जखमेत द्यायचे निराळे औषधही लागते, ते विचारून घ्यावे. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात त्या लसीचे दिवस पहिला, मग तिथून तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा असे धरतात. येथेही आमची माणसे पहिल्याच दिवशी येतात आणि मग टोळीबरोबर जातात. लसीचा कागद बरोबर नेला तर पुढचे डोस दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यातही घेता येतात. पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग एकदा सुरू झाला की त्यावर इलाज नाही. साप चावला तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे, भगताकडे वेळ घालवणे यातले काहीही न करता, चावलेला अवयव न हलवता दवाखाना गाठायचा. त्यावर निराळा पाठ लिहीन.

न दुखणारी जखम

पाठ संपताना मी एक प्रश्न विचारते : कोणत्या जखमेला जास्त भ्यावे, दुखणाऱ्या की न दुखणाऱ्या? सगळे म्हणतात दुखणाऱ्या.

डॉ. पॉल ब्रँड यांचे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. मिशनरी आईवडिलांच्या पोटी 1914 साली तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात जन्मलेल्या या डॉक्टरांनी वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात कुष्ठरोग्यांची सेवा केली. कुष्ठरोगात बोटे आपोआप सडून गळतात असा तोवरचा समज होता. संवेदना गेल्यामुळे माणसाला चटका, काटा, खिळा कळत नाही, तो त्याच पायावर चालत राहतो आणि जखमेवर जखम होऊन बोटे जातात, हे त्यांनी दाखवून दिले. वेदना ही देवाची देणगी आहे असे ते सांगत.

आमच्या पाड्यांवर आजही कुष्ठरोगातून बरे झालेले, पण पाय बधिर राहिलेले लोक आहेत. मधुमेहाचे रुग्ण शहरातल्या प्रत्येक मंडळीत आहेत, त्यांचेही पाय असेच बधिर होतात. अशांनी रोज संध्याकाळी तळपाय उजेडात पाहावेत, स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांनी पाहावेत. कुष्ठरोगातून बरे झालेल्यांनी कोरड्या, भेगाळलेल्या पायांसाठी वीस मिनिटे साध्या पाण्यात पाय बुडवून ठेवावेत, जाड घट्टे हलकेच घासावेत आणि ओलसर असतानाच तेल चोळावे. उघडी जखम असेल तर मात्र पाय बुडवू नये. चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. आणि तळपायाला जखम दिसली, ती मुळीच दुखत नसली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जावे आणि त्या पायावर भार देणे बंद करावे. शेवटचे सांगणे सोपे आणि करणे कठीण आहे, कारण भार न देणे म्हणजे मजुरीला न जाणे. म्हणून शोमरोन्याच्या दोन दिनारांची गोष्ट मी येथे पुन्हा काढते. पट्टी फुकट मिळते, पण घरी बसण्याचे दिवस फुकट मिळत नाहीत. अशा तीन कुटुंबांना या पावसाळ्यात मंडळीच्या दानातून धान्य देता आले. पायाची जखम भरेपर्यंत पुरेल इतकेच दिले.

आता आम्ही एक नियम केला आहे. प्रत्येक जखमेला एक रखवालदार नेमायचा. दवाखान्यातून परतताना घरातल्या किंवा शेजारच्या एकाला बोलावून त्याच्या हातून पट्टी सोडवून, बांधून घ्यायची, आणि काय दिसले तर निघायचे ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचे. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी आमच्यापैकी कोणीतरी फोन करतो किंवा जातो. रखवालदार बहुधा बायका होतात. दोन ठिकाणी शाळेतली मुले आहेत आणि ती मोठ्यांपेक्षा कडक आहेत. त्या भावाच्या पत्नीने यंदा टोळीत तीन जणांच्या जखमा सांभाळल्या, त्यातला एक तर मुकादमच होता.

टोळ्या दिवाळीनंतर निघतात. प्रत्येक टोळीबरोबर कापडाचे एक गाठोडे, साबणाची वडी, व्हॅसलिनची लहान डबी, भोक पाडलेली बाटली आणि चित्रांचा एक कागद द्यावा असा आमचा प्रयत्न आहे. अनेकांना वाचता येत नाही, म्हणून चित्रे. मंडळ्यांकडून प्रेमाने पेट्या येतात, पण त्यांत अर्धी वापरलेली मलमे, मुदत संपलेल्या गोळ्या आणि कोणाच्या तरी उरलेल्या अँटिबायोटिक असतात. त्या कृपा करून पाठवू नयेत, त्या आम्हाला नष्टच कराव्या लागतात. जुने पांढरे किंवा फिक्या रंगाचे सुती कापड पाठवावे, जर आणि शिवण काढून, रंग न जाणारे. ते उकळण्याचे काम आमच्या महिला मंडळाने घेतले आहे. दिवाळीपूर्वी तीन आठवडे पोहोचले तर वाळवून, घड्या करून, टोळ्या निघण्याआधी घरोघर देता येईल.